मेम्फिस बेलचं नाक : धानोरीच्या शेडमधल्या नोंदी

८ फेब्रुवारी, रविवार

आजपासून सुरुवात. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मेम्फिस बेल’ या बी-१७ बॉम्बरच्या नाकावर डाव्या बाजूला निळ्या स्विमसूटमधली मुलगी रंगवलेली होती. तीच तशाच गोलाई दिलेल्या, रिव्हेट (पत्रे जोडणारे डोक्याचे धातूचे खिळे) मारलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर हाताने, ब्रशने, इनॅमल रंगात उतरवायची आहे. फ्लेक्स छापून चिकटवायचा नाही. पत्रा ६ बाय ४ फूट. तयार झाला की आमच्या एरोमॉडेलिंगच्या (विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवण्याच्या) हॉलमध्ये भिंतीवर लागेल.

अशा प्रतिकृतींचे तयार फोटो पुष्कळ पाहिले, पण कुठे काय बिघडलं ते कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून या नोंदी.

या कामाची ओढ आजोबांमुळे. ते हवाई दलात होते, लोहगावला, लिबरेटर विमानांवर फिटर. ब्रिटिश जाताना कानपूरला मोडून टाकून गेलेली ही अमेरिकी बनावटीची बॉम्बर विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी पुन्हा उभी केली आणि १९४८ पासून १९६८ पर्यंत ती आपल्याकडे उडाली. त्यातलंच एक पुढे इंग्लंडमार्गे अमेरिकेत पोचलं, १९८९ मध्ये पुन्हा हवेत गेलं, आणि तिथे त्याच्या नाकावर पुढे ड्रॅगन आणि त्यानंतर झाडूवरची चेटकीण रंगवली गेली. आजोबांच्या अल्बममध्ये लिबरेटरचा एक फोटो आहे, त्यात नाक कोरं आहे. लहानपणापासून मला त्या जागी काहीतरी असायला हवं होतं असं वाटत आलंय.

तरी लिबरेटर न घेता बेल घेतली, कारण रंग. युद्धातल्या बहुतेक नाकांचे फोटो काळेपांढरे आहेत. बेलचं मात्र १९४३ मध्ये सिनेदिग्दर्शक विल्यम वायलर यांनी इंग्लंडमध्ये १६ मिमी रंगीत फिल्मवर चित्रण केलं. शिवाय विमान स्वतः अमेरिकेत डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. रंगांचा अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

१५ फेब्रुवारी

१ मिमी जाडीचा ८ बाय ४ फुटी पत्रा आणला, साधारण ८ किलो, करासकट ३,१५० रुपये. घरात रेड ऑक्साइड प्रायमर होता, तो मारला. चोवीस तासांनी चिकटपट्टी लावून ओढली तर प्रायमरचा पापुद्रा पट्टीबरोबर सगळा वर आला.

ही चूक कुणी करू नये. लोखंडाचा प्रायमर अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. अ‍ॅल्युमिनियमला एच प्रायमर लागतो. त्यातलं आम्ल पत्र्याला किंचित खातं, मग वरचा थर धरतो. युद्धात झिंक क्रोमेट वापरत, तो पिवळट हिरवा रंग जुन्या विमानांच्या आतल्या बाजूला दिसतो. क्रोमेट फुप्फुसांना घातक आहे, म्हणून मी टाळला. दोन डब्यांचा एच प्रायमर ११५० रुपयांना मिळाला. एकदा मिसळला की आठ तासांत संपवायचा, म्हणून लागेल तेवढाच मिसळायचा. पत्रा आधी बारीक पॉलिश पेपरने घासायचा, थिनरने पुसायचा आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवायचा नाही. बोटाचा तेलकटपणासुद्धा दिसतो.

सबंध रविवार जुना प्रायमर खरवडण्यात गेला.

१ मार्च

रिव्हेटने पत्राच वाया घालवला. बी-१७ च्या बाहेरच्या अंगावर चपटसर घुमटी डोक्याच्या रिव्हेटच्या रांगा असतात, आणि चित्र थेट त्यांच्यावरूनच जातं. ही जात दाखवायचीच होती. पण हाताशी पॉप रिव्हेटची (एकाच बाजूने बसवायच्या पोकळ रिव्हेटची) गन होती म्हणून मी पॉप रिव्हेट मारले. शंभरेक मारून लांबून पाहिलं, तर प्रत्येक डोक्याच्या मधोमध भोक. विमान वाटेना, ट्रकची बॉडी वाटायला लागली. भोकं पुट्टीने भरून पाहिली, तीही दिसत राहिली. काढायला गेले तर ड्रिलने छिद्रं मोठी झाली.

दुसरी चूक त्याहून मोठी. पत्रा टेबलावर सपाट ठेवून रिव्हेट मारले आणि मग तो वाकवायचा बेत होता. रिव्हेट मारलेला पत्रा रोलरमधून जात नाही. वर्कशॉपवाल्याने पत्रा हातात घेतला, पाहिला आणि तसाच परत दिला.

नवीन पत्रा, पुन्हा ३,१५०. या वेळी क्रम असा : आधी रोल करून १ मीटर त्रिज्येची गोलाई (८०० रुपये), मग चौकोनी पाइपची फ्रेम (वेल्डिंगसह २,४००), मग भरीव रिव्हेट.

१५ आणि २२ मार्च

दोन रविवार, ४२० रिव्हेट. भरीव रिव्हेट एकट्याने होत नाही. बाहेरून मी एअर हॅमर धरायचा आणि आतून धाकट्या भावाने पोलादाचा ठोकळा दाबून धरायचा. आम्ही दोघं एकमेकांना दिसत नव्हतो, म्हणून खुणा ठरवल्या. त्याने आतून एकदा टकटक केलं की बसला, दोनदा केलं की अजून एक ठोका. पहिल्या तीसेक रिव्हेटच्या कडेला हॅमर तिरका बसून चंद्रकोरीसारखे ठसे उमटले. ते तसेच ठेवलेत. हजारो बायकांनी कारखान्यात पाळीपाळीने अशीच विमानं शिवली, त्यात ठसे नसतील कसे.

२९ मार्च

एच प्रायमर, त्यावर ऑलिव्ह ड्रॅब. बेल या तपकिरी-हिरव्या रंगाची होती, पोट करडं. बाजारातलं इनॅमल चकचकीत असतं आणि युद्धातला ऑलिव्ह ड्रॅब अगदी निस्तेज. दुकानातल्या ऑलिव्ह ग्रीनमध्ये थोडा तपकिरी आणि थेंबभर काळा घालून छटा आणली. चमक घालवायला आधी टाल्कम पावडर मिसळून पाहिली, तिच्या गुठळ्या झाल्या. मग दोन पातळ हात मारून सुकल्यावर ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवला. चमक गेली आणि वर रंग धरेल असा किंचित खरखरीतपणाही आला. चकचकीत थरावर दुसरा रंग आवळतो, थेंब थेंब होऊन बसतो. एका कोपऱ्यात मी ते करून पाहिलं आहे.

५ एप्रिल

या नोंदीला वेळ द्या. सगळ्यात जास्त दिवस इथे गेले आणि हेच कुठे लिहिलेलं नाही.

युद्धातल्या एका फोटोवर चौकोन आखले, पत्र्यावर दहा सेंटिमीटरचे चौकोन आखले आणि एकेक चौकोन बघत मुलगी उतरवली. टेबलावरच्या कागदाशी जुळवून पाहिलं, तंतोतंत. पत्रा फ्रेमसकट आठ फुटांवर टांगला आणि खाली उभं राहून पाहिलं तर डोकं दाबलेलं, खांदे बसलेले, मांड्या मात्र अवाढव्य. दोनदा पुसून दोनदा काढलं. दोन्ही वेळा तेच.

शेवटी कोल्हापूरला मामांना फोटो पाठवले. मामांनी तीस वर्षं सिनेमाचे बॅनर आणि दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पाच मिनिटांत फोन आला.

‘‘पोरी, फोटू बघून काढलंस न्हवं? अगं, फोटूत पत्रा आधीच वाकलाय. तू त्यो परत वाकीवलास.’’

एवढंच होतं. फोटो काढणारा जमिनीवर उभा होता, विमानाचं नाक त्याच्या डोक्यावर. गोल पत्र्याचा वरचा भाग त्याच्यापासून मागे झुकलेला, म्हणून फोटोत तो आधीच आखूड आलेला. तोच आखूडपणा मी गोल पत्र्यावर उतरवला आणि खालून पाहताना तो पुन्हा एकदा आखूड झाला. नंतर हिशेब केला : माझ्या पत्र्यावर, वीस अंश वर मान करून पाहिलं, तर सर्वांत वरचा दहा सेंटिमीटरचा चौकोन जेमतेम सहा सेंटिमीटर उंच दिसतो. सर्वांत खालचा जवळजवळ पुरा.

उपाय : कोऱ्या गोल पत्र्यावर दोऱ्याने आणि चिकटपट्टीने सारखे चौकोन पाडा. पत्रा त्याच्या उंचीवर टांगा. मूळ फोटोग्राफर जिथे उभा असेल तिथून तुमचा फोटो घ्या. त्या फोटोत चौकोन वाकडे, आखूड दिसतील. तीच तुमची जाळी. मूळ फोटोवर ही वाकडी जाळी ठेवा, आणि तिच्यातून पत्र्यावरच्या सरळ चौकोनांत उतरवा. टेबलावर पाहिलं तर मुलीचं डोकं लांबोडकं दिसतं. घाबरायचं नाही, खाली उभं राहून पाहायचं.

माझे तीन रविवारांइतके तास यात गेले, सुटीच्या दोन दिवसांसकट.

१२ एप्रिल

मामा स्वतः आले, एस. टी. ने, पिशवीत ब्रश घेऊन. पत्र्यावर चॉकने काढलेलं त्यांना पसंत पडलं नाही, चॉक रंगात मिसळून कडा मळवतो म्हणाले. त्यांच्या पद्धतीने पूर्ण आकाराचं चित्र कागदावर काढलं, रेषेवर सुईने टोचून टोचून छिद्रं पाडली, कागद पत्र्यावर चिकटवला आणि कापडाच्या पुरचुंडीत कोळशाची पूड घेऊन वरून थापटली. कागद काढला की काळ्या ठिपक्यांची मुलगी. दारात रांगोळीचा छापा उठवतात तसं. पण ऑलिव्ह ड्रॅबवर काळे ठिपके दिसेनात, म्हणून कोळशाऐवजी पांढरी खडूची पूड घेतली. रंगवून झाल्यावर ती फुंकरीने उडून गेली, मळली नाही.

रिव्हेटच्या रांगांवर कागद नीट बसत नाही, तिथले ठिपके दोन-दोन मिलीमीटर सरकले. डोळ्यांजवळून एक रांग जात होती. तिथे कागदाला चिरा देऊन तो दोन्ही बाजूंनी दाबून बसवला.

१९ एप्रिल

पहिला प्रयत्न पुसून टाकला. कारण एक, ऊन. दुपारी दोनला शेडमध्ये पत्र्याला हात लावता येईना. इनॅमल लावताक्षणी ओढायला लागलं, ब्रशच्या केसांचे चरे तसेच सुकले. इंग्लंडच्या थंडीत त्या माणसांना नेमकी उलटी अडचण आली असणार, रंग सुकतच नसेल. आता सकाळी सहा ते नऊ एवढ्याच वेळात काम. मामांनी रंगात जवसाच्या तेलाचे दोन थेंब घालायला लावले, त्याने हाताला वेळ मिळतो.

कारण दोन, माझा हट्ट. मूळ चित्र जॉर्ज पेटी यांचं, एस्क्वायर मासिकाच्या एप्रिल १९४१ च्या अंकातलं. पेटी जलरंग एअरब्रशने फवारत, त्यामुळे त्यांच्या मुलींची कातडी काचेसारखी गुळगुळीत दिसते. मी ब्रशने तसंच मिसळत राहिले, चार तास. जवळून सुंदर दिसत होतं. पंधरा फुटांवरून गुलाबी धुकं.

मूळ विमानावर ते चित्र टोनी स्टारसर या सैनिकाने रंगवलं. इंग्लंडमधल्या बॅसिंगबोर्नच्या तळावर, ९१ व्या बॉम्बार्डमेंट ग्रुपमध्ये, ब्रशने. या एकाच माणसाने त्या तळावर शंभराहून अधिक नाकं रंगवली. दोन मोहिमांच्या मध्ये सापडलेल्या मोकळ्या वेळात, उघड्यावर, मिळेल त्या रंगात. त्याच्याजवळ चार तास घोटत बसायला सवड नव्हती आणि गरजही नव्हती, कारण ती मुलगी कुणी एक हात अंतरावरून पाहणार नव्हतं. मी पेटीची नक्कल करत होते. करायची होती स्टारसरची.

२६ एप्रिल

मामांची तीन वाट्यांची पद्धत. पहिल्या वाटीत उजेड : पांढरा, त्यात गोल्डन यलो आणि अगदी टोचणीएवढा लाल. दुसरीत मधला : तोच, लाल जरा जास्त. तिसरीत सावली : मधल्यात तपकिरी. काळा नाही, काळ्याने कातडी मेल्यासारखी दिसते. तिन्ही रंग आधीच पुरेसे करून ठेवायचे, मध्ये संपला तर तीच छटा पुन्हा येत नाही. मग तीन सपाट तुकडे शेजारी शेजारी भरायचे आणि ओले असतानाच फक्त सांधा कोरड्या ब्रशने एकदा ओढायचा. एकदाच. मी दुसऱ्यांदा ब्रश न्यायला लागले की मामा मनगट धरायचे.

‘‘आता मागं जा. पार दारापतूर जा आणि तिथनं सांग.’’

दाराशी जाऊन पाहिलं. पोटरी गोल झाली होती. तीन रंगांची सपाट पोटरी, पण तिथून ती गोल होती, आणि तिच्यावरून जाणारी रिव्हेटची रांगही पोटरीबरोबर वळल्यासारखी दिसत होती. मी तिथेच उभी राहिले बराच वेळ. गेल्या अडीच महिन्यांत पहिल्यांदा ते विमान वाटलं.

निळा रंग एका बैठकीत झाला. केस दोन बैठकांत.

चित्राबद्दल एक लिहायला हवं. बाई म्हणून हे रंगवताना मी थांबले होते, मामांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. वैमानिक रॉबर्ट मॉर्गन यांच्या वाग्दत्त वधूचं, मेम्फिसच्या मार्गारेट पोल्क यांचं नाव या विमानाला मिळालं, आणि चित्र मात्र मासिकातल्या अनोळखी मुलीचं. ते लग्न झालं नाही. खऱ्या बाईचं नाव आणि कल्पनेतल्या बाईचं शरीर असं ते जोडकाम आहे आणि मला ते खुपतं. पण त्याच तळावर रोज सकाळी दहा-दहा मुलं एकेका विमानात चढत होती आणि सगळी परत येत नव्हती. इंग्लंडहून लढणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या एअर फोर्सची सव्वीस हजारांवर माणसं युद्धात गेली. त्या मुलांना आपलं विमान नंबराने ओळखायचं नव्हतं. हे दोन्ही खरं आहे, आणि पत्र्याशेजारच्या माहितीत मी दोन्ही लिहिणार आहे.

३ मे

बॉम्बच्या खुणा. प्रत्येक मोहिमेमागे एक छोटा बॉम्ब, एकूण २५, कारण तेव्हा बॉम्बरच्या माणसांची पाळी २५ मोहिमांची होती. बेलच्या माणसांची ती १७ मे १९४३ ला पुरी झाली. पुष्कळ ठिकाणी बेलला २५ पुऱ्या करणारी पहिली म्हणतात. ३०३ व्या ग्रुपच्या ‘हेल्स एंजल्स’ या दुसऱ्या बी-१७ ने चार दिवस आधी, १३ मे रोजी हा आकडा गाठला होता. माहितीफलक लिहिताना हे लक्षात ठेवा. मेम्फिस बेल प्रसिद्ध झाली ती मायदेशी परत नेऊन शहराशहरांत फिरवली गेली म्हणून.

स्टेन्सिल प्लास्टिकच्या शीटचा केला आणि फसला. शीट रिव्हेटवर उचलली जाते, खालून रंग पसरतो. पहिल्या सहा बॉम्बना दाढी फुटली. मग पातळ पुठ्ठ्याला तेल पाजून स्टेन्सिल कापला, तो गोलाईवर बसतो. ब्रश जवळजवळ कोरडा करून ठोकत रंग भरला, ओढायचा नाही. एका बॉम्बला चार मिनिटं.

बॉम्बांबरोबर आठ स्वस्तिकंही आहेत, पाडलेल्या म्हणून नोंदवलेल्या जर्मन विमानांची. मी स्टेन्सिल कापत होते आणि मामा गप्प झाले.

‘‘हे हितं कशाला? हे दारावर काढत्यात.’’

मी त्यांना नाझींचं सांगितलं, तिरकं केलेलं, काळं. त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी ते काढायला ब्रश हातात घेतला नाही, आणि मी आग्रह केला नाही. आठही मी काढली. आमच्या हॉलमध्ये येणारी शाळेची मुलं हे पाहून काय समजतील हा प्रश्न खरा आहे. गाळली तर प्रतिकृती खोटी होते. ठेवली तर शेजारी दोन ओळी हव्यातच. त्या ओळी मराठीत, मोठ्या अक्षरात, मुलांच्या उंचीवर लावायच्या असं ठरवलं.

१० मे

नाव लिहून झालं. अक्षरांना मामांनी टेकू म्हणून काठी वापरली, टोकाला कापडाचा गोळा बांधलेली. ती पत्र्याला टेकवून त्यावर मनगट ठेवायचं. त्यांनी एकही रेघ पुसली नाही.

वरून क्लिअर लॅकर मारायचा विचार होता. नशिबाने आधी तुकड्यावर करून पाहिलं, खालच्या इनॅमलला सुरकुत्या पडल्या. कच्च्या इनॅमलवर दोन डब्यांचा लॅकर नको. काहीच मारलं नाही. हॉलमध्ये टांगायचं आहे, पावसात नाही.

१७ मे, रविवार

टांगला. खालची कड जमिनीपासून आठ फूट, मान वर करावी लागेल अशीच.

खर्च : दोन पत्रे ६,३००, रोलिंग ८००, फ्रेम २,४००, पॉप रिव्हेट ४५०, भरीव रिव्हेट ९००, एच प्रायमर १,१५०, रंग १,६८०, ब्रश १,२४०, पॉलिश पेपर, थिनर, मास्क वगैरे १,३००. एकूण १६,२२०. यातला एक पत्रा आणि पॉप रिव्हेट, म्हणजे ३,६०० रुपये, सरळ पाण्यात. हॅमर आणि कंप्रेसर मित्राचा, त्याचे पैसे धरलेले नाहीत. वेळ : पंधरा रविवार आणि मधल्या बऱ्याच सकाळी.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. डाव्या हाताची बोटं जाड झालीत, ती ठिपके सरकल्यामुळे. वरून तिसरा बॉम्ब थोडा उतरता आहे. ऑलिव्ह ड्रॅब माझ्या मते दोन छटा जास्त हिरवा आहे, तो नंतर सुधारता येत नाही, म्हणून तुम्ही आधी तळहाताएवढा नमुना करून उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे पाहा.

संध्याकाळी आजोबांच्या अल्बममधला कोऱ्या नाकाचा फोटो मोठा करून खालच्या भिंतीवर लावला. मामांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी फोन दाराशी न्यायला सांगितला, मग विचारलं, दुसऱ्या अंगाला काय होतं. उजवीकडे तीच मुलगी होती, लाल पोशाखात. ते म्हणाले, लाल खालचा रंग नीट झाकत नाही, खाली आधी पांढरा हात दे.

पुढच्या रविवारी पत्रा आणायचा आहे. रोल करून मगच रिव्हेट.